गार खोलीत डोळे मिटून

४ नोव्हेंबर

मामा,

पाकीट बघून मामीला हाक मारू नकोस, तुलाच लिहिलंय. फोन केला की तू "हं, बरा आहेस ना" एवढं म्हणतोस आणि फोन मामीच्या हातात देतोस. मामीशी बोलायला मला आवडतं, पण विचारायचंय ते तुला. सातवीत शाळा सुटली त्यानंतर मी एवढं सलग लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. उसवून परत शिवायला हे काय तुझं दुकान नाही.

तर विचारायचं हे, की सकाळी दुकानाची फळी काढायच्या आधी तू कापडाच्या ताग्यांना पाठ टेकून डोळे मिटून बसायचास, ते कसं जमतं? मी तुझ्या नाकासमोर टाचणी धरून बघायचो. तू ढिम्म हलायचा नाहीस. "माझ्या बुडाला चाकं आणि मामाच्या बुडाला खिळा," म्हटलं की मामी पदर तोंडाला लावून हसायची. आता हसू नका. मला खिळा पाहिजे.

झालंय काय, माझी छाती धडधडते. काम करताना नाही, काम सुरू व्हायच्या आधी. कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं नळी लावून ऐकलं आणि म्हणाली, "हृदय एकदम ठणठणीत आहे. नुसतं घाबरलंय." मग म्हणाली, रोज सकाळी कामाआधी उबदार जागी थोडा वेळ डोळे मिटून बस. श्वास आत आला की मनात म्हण 'आला'. बाहेर गेला की म्हण 'गेला'. आवाज झाला तर होऊ दे, कुणी हाक मारली तर मारू दे, ओ द्यायची नाही. मन पळालं तर परत आण, पण त्याला रागावू नकोस.

मी म्हटलं, "एवढंच?"

ती म्हणाली, "एवढंच करून दाखव."

कशाला घाबरलास तेही तिनं विचारलं. थंडीनं होत असेल म्हणालो. तुलाही तेच सांगतो.

कोटाच्या बाहीचा विषय मी काढत नाही. वकिलाच्या कोटाची एक बाही आखूड कापली गेली. तू म्हणालास, "हे तूच कापलंस, तुझं लक्ष नाही, तुझ्यानं हे काम व्हायचं नाही, जा." मी गेलो. जरा जास्तच लांब गेलो. ते राहू दे. बसायचं कसं तेवढं कळव.

तुझा भाचा


१५ नोव्हेंबर

मामा,

तुझं काही आलं नाही. मामी फोनवर म्हणाली पत्र पोचलं, मशीनच्या खणात आहे. म्हणजे फाडून टाकलं नाहीस. पुढचं लिहितो.

बसायला लागलोय. आमच्याकडे ओले कोट आणि हातमोजे वाळवायची एक खोली आहे, गरम हवा सोडतात तिथे. एक क्रेट उपडा घालून कोपऱ्यात बसतो. पहिल्या दिवशी 'आला' म्हटलं, 'गेला' म्हटलं, आणि मग आठवलं की बुटाची नाडी सुटलीय. ती बांधली. मग पाठ खाजली. मग पायाला मुंग्या आल्या. मग लांब्या आला.

लांब्या म्हणजे माझा जोडीदार. दारातून आत येताना मान वाकवावी लागते म्हणून लांब्या. त्यानं मला बघितलं आणि बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "या रे, दर्शन घ्या! आपल्याकडे महाराज प्रकट झालेत. चपला बाहेर काढा." एकानं माझ्यासमोर ओला हातमोजा ठेवून नमस्कार केला. मी डोळे उघडले नाहीत. सिस्टर म्हणालीय ना, होऊ दे म्हणून. पण आतून एवढं हसू आलं की नाकातून फुस्सकन बाहेर पडलं.

हसणं ठीक होतं मामा. ते सगळे गेल्यावरचं ठीक नाही.

डोळे मिटले की अंधार होतो, आणि तो अंधार मला ओळखीचा आहे. तुला खरं सांगतो, मामीला वाचून दाखवू नकोस.

आम्ही माल रचतो ती गार खोली तुझ्या अख्ख्या गल्लीएवढी आहे. छतापर्यंत खोकी रचलेली, मटार, मासे, आइस्क्रीम. गार इतकं की आत पाऊल टाकलं की नाकातले केस कडक होतात आणि पापण्या एकमेकींना चिकटतात. दोघांनी आत जायचं, तिसऱ्यानं बाहेर दारावर थांबायचं. आत दोघं दोन वेगळ्या रांगांत असतात, म्हणून अधूनमधून एकानं ओरडायचं, "आहेस?" दुसऱ्यानं लगेच, "आहे!" कुणी ओ दिली नाही तर हातातलं टाकून पळायचं. मुकादम नव्या माणसाला पहिली ही गोष्ट शिकवतो, माल उचलायचं नंतर.

पावसाळ्यानंतर एकदा आमचं दार आतून उघडेना. आतून ढकलायचा दांडा असतो, त्यावर बर्फ बसला होता. दारावरचा माणूस चहाला गेला होता. बस, एवढंच. तो आल्यावर उघडलं. लांब्या बाहेर येऊन म्हणाला, "आइस्क्रीम खाऊन घ्यायला पाहिजे होतं, चान्स गेला." तोही थरथरत होता, पण गमतीत.

मी गमतीत नव्हतो. तिथले प्रत्येक रांगेचे दिवे असे आहेत की जवळ कुणी हललं नाही की आपोआप विझतात. वीज वाचते म्हणे. तर दार बंद, आणि आम्ही दाराला कान लावून जरा उभे राहिलो की दिवे जायचे. मग हात हलवायचे, की यायचे. मी सारखा हात हलवत होतो. लांब्या म्हणाला, "अरे थांब की, दम लागेल." मी थांबलो नाही. हललो नाही तर अंधार, आणि अंधार म्हणजे कुणाला माहीतच नाही आपण आत आहोत, असं डोक्यात बसलं.

तेव्हापासून ते दार धप्पकन लागलं की माझं काळीज तोंडात येतं. मुकादमाला सांगितलेलं नाही. जो आत जायला घाबरतो त्याला इथे ठेवत नाहीत, घरी पाठवतात. आणि घरी मी कुठे येऊ? तुझ्या दुकानात?

तेव्हा स्वस्थ बसायचं म्हणजे माझ्यासाठी काय आहे ते बघ. तू बसायचास तेव्हा तुला कधी भीती वाटली का? वाटली नसणार. तरी विचारतो.

भाचा


२ डिसेंबर

मामा,

जमलं! तू सांगितलं नाहीस तरी जमलं.

वाळवायच्या खोलीत बसून काही होईना. तिथे गरम, तिथे भीती नाहीच, मग घालवणार काय? म्हटलं जिथं दुखतंय तिथंच औषध लावायला पाहिजे. म्हणून आजकाल आत बसतो. माल लावून झाला की मागच्या रांगेत लाकडी फळ्यांवर टेकतो, आणि सुरू. आला, गेला. वाफ दिसते ना तोंडातली, सोपं पडतं. श्वास आपल्याला डोळ्यांनी दिसतो.

सुरुवातीला छाती फुटायची वेळ यायची. पण मी हट्टी आहे, तुला माहीत आहे. रोज थोडं जास्त बसलो. आणि आज तर कमालच झाली. बसलो, डोळे मिटले, माझ्या रांगेतला दिवा विझलेला पापण्यांतून कळला. मी हललो नाही! विझू दे म्हटलं. धडधड हळूहळू कमी झाली. बोटं दुखायची थांबली. मग अंगात अशी ऊब आली मामा, थंडीत तू गरम इस्त्री फिरवलेला शर्ट मला घालायला द्यायचास, अगदी तशी. हातमोजाही नको वाटायला लागला. कुठून तरी लांबून "आहेस?" "आहेस?" ऐकू येत होतं. ते पण मी येऊ दिलं आणि जाऊ दिलं. सिस्टरनं सांगितलंय तसं. एवढं शांत मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. तुला रोज असंच वाटायचं का? मग मला आधी का नाही सांगितलंस?

अक्षर वाकडं आलंय ते माफ कर. बोटांना जरा फडकं गुंडाळलंय. विशेष काही नाही. दोन दिवस सुट्टी आहे.

तुझा महाराज


६ डिसेंबर

मामा,

मागचं पत्र वाचून तुला आनंद झाला असेल तर तो परत घे.

सुट्टी नव्हती. मला बाहेर काढलं होतं. लांब्यानं कॉलर धरून फरफटत. पत्र लिहिलं त्या दिवशी मला खरंच वाटत होतं की मी जिंकलो आणि बाकीच्यांना कळत नाहीये. दुसऱ्या दिवशी मुकादम खोलीवर आला, माझ्या कॉटवर बसला आणि म्हणाला, "सांग, आत काय काय वाटत होतं?"

मी सांगितलं. शांत वाटत होतं. ऊब वाटत होती. हातमोजा काढला होता.

त्यानं माझी गुंडाळलेली बोटं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "गारठून मरणाऱ्याला शेवटी असंच वाटतं. दुखायचं थांबतं, गरम व्हायला लागतं, माणूस कपडे काढतो. मी एकाला तसा पाहिलाय. चेहरा एवढा समाधानी होता, की झोपलाय म्हणून आम्ही आधी त्याला हलवूनच बघितलं."

मामा, तेव्हापासून मी जेवलेलो नाही म्हटलं तरी चालेल. कारण मला अजून कळत नाहीये की त्यातलं किती सिस्टरनं शिकवलेलं होतं आणि किती मरण होतं. दोन्ही आतून सारखंच लागलं. कुठे शिवण आहे ते सापडत नाही.

सिस्टरकडे गेलो तर ती पांढरी पडली. "मी उबदार जागी म्हटलं होतं ना रे? कामाआधी म्हटलं होतं ना?" म्हटलं होतं. मीच शहाणा झालो. मग ती फडकं बदलायला लागली. बोटं राहतील म्हणाली. दोन बोटांची टोकं बधिर आहेत, ती कदाचित तशीच राहतील.

लांब्या भेटायला आला नाही. म्हणून मीच गेलो. तो कॉटवर पाय बाहेर काढून पडला होता, कॉट त्याला पुरत नाही.

मी म्हटलं, "तू मला वाचवलंस."

तो म्हणाला, "घशाला कोरड पडेपर्यंत ओरडलो मी. सगळ्या रांगा पळालो. तू माझ्या समोर बसला होतास आणि हसत होतास. हसत, कळलं का?"

"मला ऐकू येत होतं," मी म्हणालो. नको ते बोलून गेलो.

तो उठून बसला. "ऐकू येत होतं? आणि ओ दिली नाहीस?"

मी सिस्टरचं 'होऊ दे, मारू दे' सांगायला लागलो. तो म्हणाला, "गारठ्यात बेशुद्ध पडलेल्या माणसाबरोबर मी आत जाईन. ऐकून गप्प बसणाऱ्याबरोबर नाही. मला दारापेक्षा तुझी भीती वाटते आता."

मुकादमानं सांगितलंय, हात बरा झाला की ये. तुझ्याबरोबर आत जायला एक तरी माणूस तयार झाला तर ठेवतो, नाहीतर गाडीत बसवून देतो.

कोण होणार तयार?

भाचा


१९ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र आलं. अक्षर मामीचं बघून आधी वाटलं नेहमीसारखं टाळलंस. मग वाचलं, आणि कपडे धुवायच्या मोरीत जाऊन बसलो, कारण तिथे कुणी येत नाही.

तू लिहवलंयस, "मी डोळे मिटून बसायचो ते शांत वाटावं म्हणून नव्हे. उघडायची भीती वाटायची. रोज उघडले की सुईचं नेढं आणखी थोडं लांब गेलेलं असायचं. म्हणून जरा उशीर करायचो." आणि पुढे, "बाही मीच कापली. खडूची रेघ मला दिसली नाही. तू दुकानात राहिला असतास तर दोरा ओवायला तुलाच सांगावं लागलं असतं, आणि तुला कळलं असतं. म्हणून तुला घालवलं. फोनवर आवाज ऐकला की तेच आठवतं, मग बोलवत नाही."

मामा, बाही मी कापली नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. कात्री माझ्या हातात नव्हतीच त्या दिवशी, मी बटणांची काजं करत होतो. तू म्हणालास म्हणून मी मान खाली घातली. तुला वाटलं मला पटलं, मला वाटलं तुला मी नकोय. दोघं आपापल्या जागी गप्प. आता राग नाही. राग यायला पाहिजे होता, पण तू त्या ताग्यांना टेकून डोळे मिटून बसलेला दिसतोस. मी टाचणी धरायचो तुझ्या नाकासमोर.

तू डॉक्टरकडे गेलायस का? पत्रात मामीनं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "ऐकत नाहीत." मामी, हे मोठ्यानं वाच. मामा, उद्याच जा. काय होईल ते कळेल याची भीती वाटते ना? मला माहीत आहे. तरी जा. मामीचा हात धरून जा.

आता माझं. हात बरा होत आलाय. मी सकाळी बसतो अजून, वाळवायच्या खोलीत. सिस्टर म्हणाली सोडू नकोस, पण आता कुणीतरी जवळ असताना बस. तीच येते कधीकधी आणि पट्ट्या गुंडाळत बसते. पण नवीनच संकट आहे. धडधड चालू असते तोवर मी ठीक असतो. जरा कुठे शांत व्हायला लागलं की मी दचकून उडतो. हाताच्या बोटांना चिमटे काढून बघतो, दुखतायत ना. आधी भीतीला भ्यायचो, आता बरं वाटायला भितो. सांगशील त्याला हसू येईल असा माझा रोग आहे.

लांब्या बोलत नाही. बाकी चौघांना विचारलं. एक म्हणाला बायको नको म्हणते. एकानं नुसती मान हलवली. उरलेले दोघं माझ्याकडे न बघता चहा ढवळत बसले.

काल मी मुकादमाकडे गेलो आणि सगळं ओकलो. दाराला घाबरतो, दिवा विझला की घाबरतो, म्हणून तो उद्योग केला, आणि तुम्हाला सांगायला घाबरत होतो म्हणून लपवलं. आता काय ते करा. तो म्हणाला, "सत्तावीस तारखेला सकाळी ये. बॅग भरून ये."

भरतो आहे.

भाचा


२७ डिसेंबर

मामा,

बॅग कॉटखाली आहे, भरलेलीच. घरी येत नाहीये. सांगतो.

आज सकाळी गेलो तर मुकादम दारापाशी उभा. लांब्या आणि एक नवा माणूस आत जायला कोट चढवत होते. लांब्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मुकादम म्हणाला, "आत तुला कधीच पाठवणार नाही. डोक्यातून काढून टाक." मी बॅग उचलली. तो म्हणाला, "खाली ठेव. दारावर उभा राहा."

मला कळेना. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "आजवर मी दारावर धीट माणसं ठेवली. धीट माणूस चहाला जातो. त्याला वाटतं, काय होतंय. मला तिथे असा माणूस पाहिजे ज्याला सारखं वाटतंय की आत कुणीतरी मेलं."

लांब्या फिस्कन हसला. मग म्हणाला, "साहेब, हा मुताय‌लाही जायचा नाही."

"म्हणूनच," मुकादम म्हणाला.

तर मी दारावर. ते दोघं आत गेले आणि दार माझ्या हातानं लावायचं होतं. धप्प. तेच दार मामा, फक्त मी या बाजूला. वाटलं होतं बाहेरून सोपं असेल. अजिबात नाही. आत असताना एकटा मीच मरणार होतो. इथे दोन माणसं, आणि मला दिसत एकही नाही. जाड दार, त्यातून आवाज येतो तो कुणीतरी शेजारच्या घरात बोलल्यासारखा. बाहेरच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिलो. पाय पळायला बघत होते, कुठे ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग मी तेच केलं जे येतं. डोळे उघडे ठेवून. आला. गेला. पण आता ऐकण्यासाठी, कारण छाती एवढी वाजत होती की आतलं काही कळेना. तिला जरा खाली बसवलं. मग आलं ऐकू. "आहेस?" आणि लगेच, "आहे!" पुन्हा थोड्या वेळानं. पुन्हा. प्रत्येक 'आहे' नंतर मला वाटायचं, चला, एवढ्यापुरतं झालं.

आणि मग आलंच नाही.

मी थांबलो. एक श्वास, आणखी एक. नाही. बधिर बोटांना दांडा कळेना, म्हणून मनगट अडकवून ओढला आणि दार सताड उघडून आत घुसलो, कोट नाही, टोपी नाही, ओरडत. दिवे चालूच होते. समोरच दोघं उभे. लांब्यानं हातमोजा तोंडात धरलेला, नव्याच्या कोटाची चेन अडकली होती ती तो दोन्ही हातांनी सोडवत होता.

लांब्यानं हातमोजा तोंडातून काढला. "अरे बाबा, चेन लावतोय! माणसाला चेन तरी लावू दे! लाव ते दार, सगळं गार बाहेर चाललंय!"

मी दार लावलं. आणि दारालाच टेकून उभा राहिलो. मुकादमानं लांबून बघितलं होतं.

आजच्या एका पाळीत मी तीनदा दार उघडलं. तीनदा शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या वेळी लांब्या बाहेर आला, कोट काढला, भुवयांवरचा बर्फ पुसला आणि माझ्याकडे न बघता नव्या माणसाला म्हणाला, "उद्या दारावर हाच पाहिजे म्हणून सांगून ठेव. मी आत आहे."

तू डॉक्टरकडे गेलास की ते काय म्हणाले ते मामीकडून नको, फोनवर तूच सांग. मी सकाळी पाळीआधी फोन जवळ ठेवून बसतो.

उद्याही मी उघडणार आहे.

भाचा